वाघबीळचा वाघ कुठे गेला?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित उतारा. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोलल्यासारखंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? लोकलच्या दारात उभे असाल तर जरा आत सरका, आजचा भाग लांबचा आहे.

घोडबंदर रोडवर वाघबीळ नावाचा नाका आहे. ठाण्यातल्या कुणालाही विचारा, तिथल्या ट्रॅफिकवर तो पाच मिनिटं सहज बोलेल. उड्डाणपूल, टॉवर, मोबाईलची दुकानं, वडापावच्या गाड्या, सगळं आहे. नावाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. वाघबीळ! आता बीळ उंदराचं असतं, घुशीचं असतं, फार तर सापाचं. वाघाचं बीळ? पण नाव तेच पडलं आणि तेच टिकलं. रिक्षावाला मीटर टाकताना "वाघबीळ ना?" असं विचारतो, तेव्हा आपण एका जनावराचा पत्ता सांगतोय हे त्याच्याही डोक्यात नसतं आणि आपल्याही.

आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. दोघं डोंबिवलीचे, दोघं कल्याणचे, एक ठाण्याचा. येऊर, माहुली, मलंगगड, माळशेज, जमेल तसं भटकतो. एकदा याच नावावरून आमच्यात जुंपली. एक म्हणाला, ठाण्यात वाघ कधी नव्हताच रे, बिबटे असतील, लोकांनी फेकलंय. दुसरा म्हणाला, माझे पणजोबा सांगायचे. पणजोबांचा पुरावा कोर्टात चालत नाही, म्हणून मग मी जरा शोधाशोध केली. त्यातून जे हाताला लागलं ते आज सांगतो.

सगळ्यात आधी शब्दाचा घोळ सोडवू या. जंगलाच्या कडेला राहणारी माणसं 'वाघ' म्हणतात तेव्हा दोन्ही जनावरं त्यात येतात. पट्ट्यांचा तो ढाण्या वाघ किंवा पट्टेरी वाघ, आणि ठिपक्यांचा तो बिबळ्या. 'बिबट्या' हा पेपरातला आणि टीव्हीवरचा शब्द, सरकारी कागदात तो नुसता 'बिबट' होतो. शहापूर-मुरबाडकडे 'वाघरू' असंही ऐकू येतं. त्यामुळे कुणी म्हातारं माणूस "आमच्या दारात वाघ यायचा" म्हणालं, तर लगेच वॉव करू नका आणि लगेच खोटंही ठरवू नका. कुठला वाघ ते विचारा. वाघबीळ हे नाव पाडणाऱ्याने कुठला पाहिला होता, ते विचारायची सोय आता राहिलेली नाही.

पण पट्टेरी वाघ इथे होता, यात वाद नाही. 1882 साली बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरचा 13 वा खंड निघाला. तेव्हाचा ठाणे जिल्हा म्हणजे केवढा, तर आजचं ठाणे, आजचं पालघर आणि वर साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून पुढचं अख्खं उपनगर. या खंडात जंगली प्राण्यांच्या यादीत वाघ सरळ नावानिशी आहे. खुद्द मुंबईतही 1822 साली मलबार हिलवर आलेला वाघ गोवालिया टँकवर पाणी पिऊन गेल्याची नोंद सापडते. आज जिथे ऑगस्ट क्रांती मैदान आहे, त्याच भागात. साष्टी हे बेट, मग वाघ तिथे आला कसा, असा प्रश्न पडेल. पण मांजरांच्या घराण्यात वाघ हा पट्टीचा पोहणारा आहे. वसईची खाडी किंवा ठाण्याची खाडी ही त्याच्यासाठी अडचण नव्हतीच.

आणि शेवट? 1929. त्या वर्षी साष्टीच्या जंगलात एक वाघ मारला गेला आणि तो तिथला शेवटचा ठरला, असं मानलं जातं. लक्षात घ्या, तेव्हा बोरीबंदर ते कुर्ला विजेवर चालणारी लोकल सुरू होऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे इलेक्ट्रिक लोकल आणि पट्टेरी वाघ, दोघं एकाच परिसरात काही वर्षं सोबत होते. मला हे वाचून कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

मग तो संपला कसा? "शिकारीमुळे" हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि ते अर्धंच आहे. हा भाग जरा सविस्तर घेऊ.

इंग्रज सरकारच्या दृष्टीने वाघ हा 'उपद्रवी' प्राणी होता. वाघ मारला की सरकारी इनाम मिळायचं. बिबट्यावर मिळायचं, लांडग्यावर मिळायचं. शिकार हा साहेबाचा शौक होता हे खरं, पण तिला सरकारी तिजोरीतून पैसाही मिळत होता. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या इनामांच्या नोंदींवरून हिशेब मांडलाय. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात 80,000 च्या वर वाघ, दीड लाखाच्या वर बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. हे फक्त नोंदलेले, बरं का. ज्यांचं इनाम कुणी मागितलंच नाही ते वेगळे.

आता दुसरा अर्धा भाग. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली रेल्वे आली, हे आपल्याला पाठ आहे. पुढच्याच वर्षी, 1854 च्या मे महिन्यात, ती कल्याणला पोचली. कल्याणहून दोन फाटे फुटले. एक बोरघाटाकडे, एक थळघाटाकडे. 1863 मध्ये बोरघाट चढून झाला, 1865 मध्ये थळघाट. आज आपण शुक्रवारी रात्री ग्रुपवर "कर्जत की कसारा?" असं विचारतो ना, तो प्रश्न या दोन फाट्यांनीच घालून दिलाय. ट्रेकर लोकांचा अख्खा नकाशा कल्याण जंक्शनवर ठरतो.

पण याच रुळांवरून जंगल मुंबईकडे निघालं. रुळांखालच्या स्लीपरला लाकूड, घरांना लाकूड, जहाजांना लाकूड, चुलींना कोळसा. ठाणे जिल्ह्यातल्या सागाला आधीपासून मागणी होती. कल्याणच्या खाडीवर शिवाजी महाराजांनी जहाजं बांधायला सुरुवात केली तीही मागे हे जंगल होतं म्हणून. फरक एवढाच की तेव्हा लाकूड बैलगाडीच्या आणि होडीच्या वेगाने जात होतं. आता ते इंजिनाच्या वेगाने जाऊ लागलं.

मग सरकारला जाग आली. 1878 चा वन कायदा आला, राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या. ऐकायला चांगलं वाटतं. पण त्या रेषांच्या आत माणसं राहत होती. वारली, ठाकर, कातकरी, कोकणा, आगरी, कुणबी. भाताची रोपं लावण्याआधी जमिनीवर पालापाचोळा आणि फांद्या पसरून भाजायच्या, त्याला राब म्हणतात. राबासाठी फांद्या तोडणं आता गुन्हा ठरू लागलं. कातकऱ्यांचं तर नावच काथावरून पडलंय. खैराच्या झाडापासून काथ काढणं हा त्यांचा धंदा, आणि खैर गेला राखीव जंगलात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की 1885 मध्ये सरकारला 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. शाळेच्या पुस्तकात 1885 म्हटलं की काँग्रेसची स्थापना असते. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात माणसं फांद्यांच्या हक्कासाठी भांडत होती, हे कुणी सांगत नाही.

याचा वाघाशी संबंध काय? सरळ आहे. वाघाला मोठं सावज लागतं. सांबर, रानडुक्कर, गवा अशा तोलाचं. आणि त्यासाठी मोठा सलग मुलूख लागतो. जंगलाचे तुकडे पडले, सांबरं बंदुकीला बळी पडली, की वाघाला गोळी नाही लागली तरी तो टिकत नाही. गुरं मारायला लागतो, मग इनामाची बंदूक येतेच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच काळात, याच डोंगरात, वाघाशी वागायची एक दुसरी पद्धत चालू होती. वारल्यांचा वाघोबा. येऊरच्या पाड्यांत, आरेच्या पाड्यांत, पुढे पालघरपर्यंत लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ शेंदूर लावून बसवलेला दिसतो. सोबत बहुतेक चंद्र-सूर्य असतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. नैवेद्य दाखवायचा आणि मागणं मागायचं की आमच्या गुरांना आणि पोरांना सांभाळ. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर मिळून दीडशेच्या वर वाघोबांची ठिकाणं नोंदवली. 2021 मध्ये तो अभ्यास छापून आला. यात भोळा गोडवा शोधू नका. वारल्यालाही वाघाची भीती वाटते, त्याचीही शेळी जाते, तोही चिडतो. पण "हा इथे राहणार, मीही इथे राहणार" हे गृहीत धरून त्याचा व्यवहार चालतो. सरकारी इनामाच्या वहीत अशा व्यवहाराला रकाना नव्हता.

बरं, मुंबईच्या साहेबांबद्दलही न्यायाने बोलू. 15 सप्टेंबर 1883 ला आठ जण एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, सुरू झाली. आठांत दोन आपले होते. डॉ. आत्माराम पांडुरंग, हे प्रार्थना समाजवाले, आणि डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार, आणि ज्यांच्या खटल्याने देश हलला त्या डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. बाकीचे इंग्रज. त्यांच्यातल्या फिप्सन नावाच्या गृहस्थाचं फोर्टमध्ये वाइनचं दुकान होतं, आणि सोसायटीचा संसार बरीच वर्षं त्याच्या जागेत चालला. सुट्टीच्या दिवशी रानात जायचं, काय दिसलं ते परत येऊन मित्रांना सांगायचं, हे त्यांनी सुरू केलं. आपण आज तेच करतो की. फक्त ते पुरावा म्हणून मेलेला प्राणी आणायचे आणि आपण रील टाकतो. सलीम अलींची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. 1908 च्या सुमारास एअरगनने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तो मुलगा बीएनएचएसमध्ये गेला आणि तिथून पुढचा इतिहास घडला. सुरुवात बंदुकीनेच झाली होती.

बंदूक खाली ठेवायला पुढे कितीतरी दशकं गेली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं दार बंद झालं. त्या बदलाची एक खूण मी स्वतः बसून अनुभवलीय. मचाण.

मचाण शिकाऱ्याचं. झाडावर बांधायचं, खाली रेडकू किंवा शेळी बांधायची, नाहीतर गावकऱ्यांना हाका घालायला लावायचं आणि वर बसून बंदूक रोखायची. आता बुद्धपौर्णिमेला वनखातं येऊर, तानसा, तुंगारेश्वर अशा ठिकाणी मचाणावर लोकांना बसवतं आणि पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला लावतं. बुद्धपौर्णिमाच का? वैशाखात पाणी आटलेलं असतं, मोजकेच पाणवठे उरतात, जनावराला तिथे यावंच लागतं. वर चांदणं एवढं असतं की टॉर्च लागत नाही.

एका वर्षी आमच्यापैकी तिघांचा येऊरला नंबर लागला. अत्तर नको, भडक कपडे नकोत, फोन बंद, बोलणं बंद. डोंबिवलीकराचा चेहरा 'फोन बंद' ऐकूनच उतरला होता. सोबत पाड्यावरचे एक काका होते, वनखात्याचं रोजंदारीवर काम करणारे. मी हळूच विचारलं, "काका, वाघ येईल का?"

"येतो की. पण तुम्ही डोळे लावून बसू नका, कान लावा. आधी भेकर ओरडंल."

साडेबाराला पाणकोंबडीसारखं काहीतरी, एकला रानडुकरांचं कुटुंब, पिल्लांसकट. मग बराच वेळ फक्त रातवे आणि डास. अडीचच्या सुमाराला पलीकडच्या उतारावर कुत्रं भुंकल्यासारखा आवाज आला. एकच, मग थांबून पुन्हा एक. मित्र कुजबुजला, "पाड्यावरचं कुत्रं जागं झालं." काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. भेकराचा आवाज तसाच असतो, कोरडा, कुत्र्यासारखा. ते ओरडतं तेव्हा त्याला कुणीतरी दिसलेलं असतं.

दहाएक मिनिटांनी तो आला. आला म्हणजे आधी काहीच नव्हतं, आणि मग पाण्याच्या कडेला तो होता. मध्ये चालत आल्याचं मला आठवत नाही. खाली वाकून पाणी प्यायला, मान वर करून आमच्या दिशेने पाहिलं, पुन्हा प्यायला. चांदण्यात ठिपके दिसत नाहीत, नुसता राखाडी आकार आणि लांबलचक शेपूट. मग वळून गेला. नोंदीच्या कागदावर मी लिहिलं, बिबट, 1, वेळ 2.40. काका म्हणाले, "आमच्याकडनं गेला असंल तो, आमच्याकडनंच येतो." त्यांच्या पाड्याबद्दल बोलत होते, अगदी शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. खरं सांगायचं तर आता कॅमेरा ट्रॅप आल्यावर या मचाणावरच्या मोजणीला शास्त्र म्हणून फार किंमत उरलेली नाही. पण संधी मिळाली तर सोडू नका.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. वाघ गेला, मग हे जंगल आणि हा बिबट्या कसा राहिला? एका बाजूला मुंबई, एका बाजूला ठाणे, मध्ये सुमारे 104 चौरस किमीचं राष्ट्रीय उद्यान, ज्यातला 40 चौरस किमीहून जास्त भाग आपल्या ठाण्याच्या बाजूला आहे. जगात कुठल्या महानगराच्या पोटात असं जंगल आहे, सांगा बघू.

उत्तर आहे नळाचं पाणी. 1850 च्या दशकात मुंबईत पाण्याचे भयंकर हाल होते. म्हणून 1856 ते 1860 मध्ये मिठी नदी अडवून विहार तलाव बांधला. तो पुरेना म्हणून 1879 मध्ये तुळशी. मग तानसा, 1892 मध्ये, थेट शहापूर तालुक्यात. तलावात गाळ आणि घाण येऊ नये म्हणून भोवतालचे डोंगर मोकळे आणि झाडीचे ठेवणं भाग होतं. विहार-तुळशीच्या पाणलोटात चाळी उभ्या राहिल्या नाहीत त्या यामुळे. वाघाच्या प्रेमापोटी कुणी ही झाडी राखली नव्हती. तानशाभोवतीही तेच झालं, आज तिथे अभयारण्य आहे. कल्याण-डोंबिवलीकरांनो, तुमच्या बारवी धरणाभोवतीचं जंगल पाहिलंत तर त्याचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. अर्थात पाण्याची किंमत कुणीतरी मोजली. विहारच्या वेळीही गावं उठली आणि बारवीची उंची वाढवली तेव्हाही.

कान्हेरीच्या आसपासचा भाग 1942 मध्ये कृष्णगिरी उपवन म्हणून राखला गेला. तारीख बघा. साष्टीचा शेवटचा वाघ गेल्यावर तेरा वर्षांनी. पुढे ते वाढत वाढत बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं आणि मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान.

एवढ्या तुकड्यात वाघ जगला नसता. बिबट्या जगला, कारण तो खाण्यापिण्यात अजिबात नखरे करत नाही. सांबर मिळालं तर सांबर, नाहीतर माकड, डुक्कर, कोंबडी, घूस. आणि कुत्री. आपण उद्यानाच्या कडेला कचरा टाकतो, कचऱ्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो. उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात साधारण चौथा हिस्सा कुत्र्यांचा निघाला होता.

हे शेजारपण नेहमी सुरळीत नव्हतं, हेही सांगतो. 2002 ते 2004 ही वर्षं वाईट होती. 2004 च्या एकट्या जून महिन्यात उद्यानाच्या आसपास दहा जण बिबट्यांच्या हल्ल्यात गेले. त्यात लहान मुलं होती. तेव्हा उपाय एकच माहीत होता, पिंजरा लावा आणि पकडून लांब सोडा. तिकडे जुन्नरमध्येही तेच चाललं होतं, दोन-तीन वर्षांत शंभराच्या आसपास बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदी नीट तपासल्या तेव्हा उलटंच दिसलं. बिबटे सोडल्यावर हल्ले वाढले होते. अनोळखी मुलखात टाकलेलं, घाबरलेलं जनावर जास्त धोक्याचं ठरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येऊन बसतोच. त्यानंतर धोरण बदलत गेलं. 2011 पासून उद्यानाने अभ्यासक आणि शहरातल्या लोकांना सोबत घेऊन काम सुरू केलं. कचरा, उजेड, संडास, रात्री पोरं एकटी बाहेर न पाठवणं, अशा साध्या गोष्टींवर. 2015 च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात 35 बिबटे मिळाले, 2018 मध्ये 47.

म्हणून 20 फेब्रुवारी 2019 ला ठाण्यात समतानगरच्या मॉलमध्ये पहाटे बिबट्या दिसला, आणि 24 नोव्हेंबर 2022 ला कल्याण पूर्वेला चिंचपाड्याच्या इमारतीत एक शिरला, तेव्हा "बिबट्या शहरात घुसला" या हेडलाइनला मी हसलो नाही, पण पटलीही नाही. दोन्हीकडे वनखात्याच्या लोकांनी बेशुद्ध करून त्याला पकडलं. कल्याणला माणसं जखमी झाली. अशा वेळी सगळ्यात अवघड काम बिबट्याचं नसतं, जिन्यात आणि गच्चीवर मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या गर्दीचं असतं. पळायची वाट बंद झाली की तो अंगावर येतो. ही गोष्ट कुणी लपवलेली नाही, तरी दर वेळी गर्दी होते. आणि येऊरला रात्री अकरा वाजता स्पीकर लावून बर्थडे करणाऱ्यांबद्दल मी बोलायला लागलो तर भाग संपणार नाही.

शेवटी एका बिबट्याबद्दल. त्याचं नाव आजोबा. त्याच्यावर 2014 मध्ये सुजय डहाकेचा मराठी सिनेमाही आला, पण खरी गोष्ट अशी. 2009 च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक थोराड बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढलं, ओळखीसाठी शरीरात चिप बसवली, गळ्यात जीपीएसची कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडून दिलं. आपला माळशेज, कल्याणहून मुरबाड-टोकावडे करून आपण बाईकवर जातो तो. सगळ्यांना वाटलं, तिथेच राहील. तो निघाला. कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, आग्रा हायवे ओलांडला, पुढे तानशाचं जंगल, तुंगारेश्वर, वसईकडचा औद्योगिक पट्टा, आणि मग खाडीत उतरून पोहत राष्ट्रीय उद्यानात. 29 दिवस, सुमारे 120 किमी. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. एवढ्या गजबजाटातून तो गेल्याचं लोकांना कळलंच नाही, कॉलरने सांगितलं म्हणून अभ्यासकांना कळलं.

त्याची वाट नकाशावर बोटाने आखून बघा. माळशेजपासून येऊरपर्यंत मोठी जंगलं अजून आहेत, आणि ती एकमेकांना शेतांनी, ओढ्यांनी, गावांच्या कडेच्या झाडीने बारीक धाग्यासारखी जोडलेली आहेत. विहार-तुळशीने एक तुकडा वाचवला. हा धागा मात्र कुठल्याच तलावाच्या पाणलोटात पूर्ण येत नाही, त्यामुळे त्याला वाली नाही. 2009 नंतर त्या पट्ट्यात बरंच काही झालंय. समृद्धी महामार्ग 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला. कसारा घाटात त्याचा जवळपास 8 किमीचा बोगदा आहे आणि महामार्गावर प्राण्यांसाठी काही मार्गही बांधलेत, म्हणजे विचार झालाच नाही असं मी म्हणणार नाही. वडोदऱ्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग येतोय. राष्ट्रीय उद्यानाखालून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा होतोय. आमच्या ग्रुपमध्ये यावर एकमत नाही. ठाण्याचा मित्र रोज बोरिवलीला नोकरीला जातो, घोडबंदरवर रोज दोन तास घालवतो, त्याला बोगदा हवाच आहे. मी त्याला काय सांगणार? बोगदा जंगलाच्या पोटातून जातो, वरून जात नाही, हे त्याचं म्हणणं चुकीचं नाही. माझी काळजी जमिनीवरच्या रस्त्यांची आहे, तारेच्या कुंपणाची आहे, आणि तुंगारेश्वर ते उद्यान या पट्ट्याची आहे, जिथे खाडी पोहून दक्षिणेला उतरलेल्या जनावरासमोर घोडबंदर रोड येतोच.

आजोबाची कॉलर पुढे बंद पडली आणि त्याचा माग सुटला. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीची धडक बसून एक बिबट्या मेला. चिप तपासली, तेव्हा कळलं तो कोण होता ते.

पुढच्या भागात माळशेज सोडून जरा दक्षिणेला सरकू, नाणेघाटात. दोन हजार वर्षांपूर्वी तिथून कल्याण बंदराकडे माल उतरायचा, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा. तुमच्या भागातला वाघोबा कुठे बसलाय हे माहीत असेल तर आम्हाला आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पाड्यातल्या मोठ्या माणसांना विचारून मगच. भेटू.